भाडं किती तासांचं?

आमच्या घरात लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत. पहिली फलटणहून आणलेली. हे, म्हणजे माझे यजमान, तिथल्या एका पतसंस्थेत क्लार्क होते आणि दिवसभराचा खर्च लिहून काढल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही, ही त्यांची जुनी सवय. २०१४ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं आणि तेरा वर्षांची लेक न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो तेव्हा ती वही सोबत आली. आता चौथी चालू आहे. गेली दहा वर्षं मी एका नर्सिंग होममध्ये ऑक्युपेशनल थेरपी एड म्हणून काम करते. या कामानं मला काय दिलं आणि काय दिलं नाही हे सांगायचं तर आधी या वह्याच उघडाव्या लागतात.

पहिल्या वहीत प्रत्येक डॉलरपुढे रुपये लिहिलेले आहेत. डॉलर तेव्हा साठ-एकसष्ट रुपयांचा. दुधाचा मोठा कॅन चार डॉलर, म्हणजे अडीचशे रुपये. यांचे केस कापायचे पंधरा डॉलर, म्हणजे नऊशे रुपये. लिहिताना पोटात खड्डा पडायचा. पुढे २०१५ च्या मे महिन्यात मला तासाला १२ डॉलरवर हे काम लागलं तेव्हा तोच गुणाकार गोड वाटायला लागला. तासाला साडेसातशे रुपये! फलटणला फोनवर सांगितलं तर जाऊबाई क्षणभर गप्पच झाल्या. त्यांच्या रानात बायका दिवसभर खुरपून दीडशे रुपये घरी न्यायच्या.

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरवाला येतो. आम्ही तसे आलो नाही. माझ्या नणंदेनं, वन्संनी, २००१ साली भावासाठी अर्ज केला होता. भावंडांच्या रांगेतला नंबर लागायला तेरा वर्षं गेली. तोपर्यंत हे सेहेचाळीस वर्षांचे झाले होते, मी चाळीस. मी बी.ए. आणि शाळेत शिवण-हस्तकलेची शिक्षिका, हे बी.कॉम. या कागदांवर इथं कोणी नोकरी दिली नाही. हे टर्नपाइकच्या ८ए एक्झिटजवळच्या गोदामात रात्रपाळीला लागले. मी पहिलं वर्ष ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात काउंटरवर उभी राहिले, तासाला ८ डॉलर २५ सेंट. न्यू जर्सीतलं तेव्हाचं किमान वेतन तेवढंच होतं. मग वन्संनी या जागेबद्दल सांगितलं.

ऑक्युपेशनल थेरपीला आपल्याकडं सरकारी कागदांत व्यवसायोपचार म्हणतात. शब्द ऐकून धंद्यापाण्याशी संबंधित काही वाटतं. इथं व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं: दात घासणं, सदऱ्याची बटणं लावणं, चहा करणं, संडासला जाऊन परत येणं. पक्षाघातानं, खुब्याच्या फ्रॅक्चरनं किंवा नुसत्या म्हातारपणानं हे हातातून निसटलं की ते परत शिकवायचं, नाहीतर वेगळ्या पद्धतीनं करायला शिकवायचं. शिकवतो तो थेरपिस्ट, त्याच्याकडं वरची पदवी आणि राज्याचं लायसन्स. त्याच्या हाताखाली असिस्टंट, त्यालाही दोन वर्षांची पदवी, परीक्षा आणि लायसन्स लागतं. त्याच्याही खाली एड. एडला बारावी पुरते. बाकी सगळं काम करता करता शिकायचं.

सकाळी साडेसातला मी जिमचे दिवे लावते. पॅराफिनच्या मेणाचं भांडं आणि गरम पॅकची टाकी तपासते. पेग, कोन, पुट्टीच्या डब्या पुसून लावते. मग खोल्या-खोल्यांतून पेशंट आणायचे. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक, पायटे, कमरेचा पट्टा, चष्मा, ऐकायचं मशीन. यातलं एक विसरलं तरी पुढचा पाऊण तास वाया. दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत गादी पुसायची, टॉवेल बदलायचा, पुढच्याचा चमचा, घसरू नये म्हणून ताटाखाली घालायचं रबर, मोजे चढवायचं साधन काढून ठेवायचं. पेशंट तपासायचा नाही, उपचार स्वतःच्या मनानं करायचा नाही, केसपेपरवर अक्षर लिहायचं नाही. हे नियम मला मान्य आहेत, त्यांत पेशंटची सुरक्षितता आहे. पण याच नियमांतून आणखी एक गोष्ट निघते, ती कळायला मला वेळ लागला. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, थेरपिस्टच्या आणि असिस्टंटच्या कामाला थेरपी मानतो. एडच्या कामाचं बिल होत नाही. संस्थेच्या हिशेबात मी कायम खर्चाच्या बाजूला असते, जमेच्या बाजूला कधीच नाही.

रुपयांचा गुणाकार मी थांबवला तो एका फिलिपिनो सहकारिणीमुळे. ती वॉर्डात नर्सिंग असिस्टंट होती, वीस वर्षं त्याच कामात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला सांगत होते की आमच्या गावच्या मानानं हा पगार खूप आहे. तिनं डबा बाजूला सरकवला आणि विचारलं, "तुझं भाडं किती तासांचं आहे?" मला प्रश्नच कळला नाही. तिनं पेपर नॅपकिनवर भागाकार करून दाखवला. आमची एका बेडरूमची जागा ११५० डॉलर, तासाचे १२. उत्तर आलं ९६. महिन्याला माझे पगारी तास भरायचे १६२ च्या आसपास. म्हणजे महिन्यातल्या दर दहा तासांतले सहा तास मी घरमालकासाठी उभी होते, आणि तेही कर कापायच्या आधी. पंधरा दिवसांचा चेक ९०० डॉलरचा, पण सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, केंद्राचा आणि राज्याचा कर, तिघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता जाऊन हातात ६४० पडायचे.

त्या रात्री वहीत आम्ही रुपयांचा रकाना खोडला आणि तासांचा घातला. आठवड्याचा किराणा ७ तास. गाडीचा विमा, जो या राज्यात फारच महाग आहे, महिन्याला १३ तास. लेकीचे चष्मे १५ तास. आमच्या संसारातला हा मोठा बदल होता असं मला आजही वाटतं. रुपयांत मोजत होतो तोवर आपण गावाला किती पाठवू शकतो याकडंच लक्ष असायचं. तासांत मोजायला लागल्यावर आपण इथं जगू शकतो का, हा प्रश्न समोर आला.

पहिल्याच वर्षी मी एक चूक केली. एका थोराड बांध्याच्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागतील असं त्यांच्या दाराशी लिहिलेलं होतं. त्या दिवशी वॉर्डात माणसं कमी होती, खाली थेरपिस्ट खोळंबली होती, आणि मला नवी असल्याचं दडपण होतं. मी एकटीनं पट्टा धरून त्यांना उठवलं. त्यांचे गुडघे मोडले. पट्टा सोडला नाही एवढंच शहाणपण केलं. माझ्या मांडीवरून घसरत ते हळूच जमिनीवर बसले. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, माझी कंबर मात्र तीन आठवडे धरली. मी रडत होते तेव्हा तेच मला म्हणत होते की ठीक आहे, ठीक आहे. त्यानंतर मी नाही म्हणायला शिकले. दोन माणसं लिहिलं असेल तर दुसरं माणूस येईपर्यंत मी दारात उभी राहते, कोणी कितीही घाई करो. माणसं कमी ठेवून वाचवलेले पैसे शेवटी कोणाच्या तरी कमरेतून वसूल होतात, हे मी अंगावर काढलेलं आहे.

तेव्हाचं सगळं काम मिनिटांवर चालायचं. मेडिकेअरची जुनी पद्धत अशी होती की पेशंटला आठवड्यात जितकी जास्त मिनिटं थेरपी, तितका संस्थेला जास्त दर. सगळ्यात वरच्या पायरीला ७२० मिनिटं लागायची. आमच्या जिमच्या हवेत तो ७२० चा आकडा असायचा. पेशंट दमलेला असो, त्याची लेक भेटायला आलेली असो, मिनिटं भरली पाहिजेत. ती भरण्यासाठी पेशंट वेळेवर खाली आणणारं माणूस हवं, म्हणून मला पूर्ण वेळ काम होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, मी चांगलं काम करते म्हणून मला तास मिळतात.

त्याच काळात एक गुजराती आजी आल्या. पक्षाघातानं डावी बाजू गेलेली, मूठ वळलेली ती उघडत नव्हती. इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदी बोलायची इच्छा नव्हती. थेरपिस्टनं कोन एकावर एक रचायला दिले की त्या तोंड फिरवायच्या. कोन रचून कोणाचं भलं झालंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. मी थेरपिस्टला विचारलं, घरून पोळपाट-लाटणं आणू का? तिनं ते हातात घेऊन नीट पाहिलं, लाटण्याला दोन हात लागतात हे तिच्या लगेच लक्षात आलं, आणि हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळून नेली. बांनी (मी त्यांना बा म्हणायचे) उजव्या हातानं डावा हात उचलून लाटण्यावर ठेवला. बोटं उघडायला चार-पाच मिनिटं गेली. पहिली पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. त्यांनी ती मोडली, गोळा केला आणि पुन्हा लाटायला घेतली. पाऊण तास झाला तरी त्या थांबायला तयार नव्हत्या. तीन आठवड्यांनी डाव्या हाताची बोटं लाटण्याभोवती वळत होती आणि सुटत होती. शिवणकामाच्या तासाला मुलींच्या बोटांकडं पाहायची मला अकरा वर्षांची सवय; ते वळणं-सुटणं पाहून मला फलटणचा वर्ग आठवला.

केसपेपरवर अर्थातच थेरपिस्टचं नाव. तिनं स्वतः होऊन खाली लिहिलं होतं की साधन एडनं सुचवलं, हे तिचं मोठेपण. पुढे गुजराती, हिंदी, मराठी पेशंट आला की सगळा मजला मला बोलवायचा. "जरा विचारून सांगतेस का, काय दुखतंय?" एडिसनसारख्या गावात हे रोजचं. दुभाष्याचं काम हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे असतात, दवाखान्यांना फोनवर पैसे देऊन दुभाषी घ्यावा लागतो, हे मला चार वर्षांनी समजलं. तोवर मी ते मदत म्हणून करत राहिले. आज विचाराल तर पुन्हाही करीन, कारण वेदना सांगता न येणारं माणूस समोर असताना मला गप्प बसता येणार नाही. पण मागणी मी पहिल्याच वर्षी करायला हवी होती.

एप्रिल महिना इथं ऑक्युपेशनल थेरपीचा महिना म्हणून पाळतात. एका वर्षी भिंतीवर लावायला इतिहासाचा तक्ता करायचं काम माझ्याकडं आलं. मार्च १९१७, न्यूयॉर्क राज्यातलं क्लिफ्टन स्प्रिंग्ज, तिथं या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, असं लिहीत पुढे गेले आणि भारतात ती कशी आली ते शोधायला लागले. नाव आलं कमला निंबकर. मी खुर्चीत सरळ बसले. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे, तिच्यावरून मी कितीदा गेले असेन. त्या नावाची बाई कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या, कमला झाल्या, आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. त्या इथून ही विद्या घेऊन तिकडं गेल्या, आणि मी त्यांचं नाव लावणाऱ्या शाळेच्या गावातून येऊन इथं त्याच विद्येची गादी पुसते. मला ही गोष्ट फार जवळची वाटली. तक्त्यावर मी त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं.

त्यानंतर मनात आलं की असिस्टंट व्हावं. पगाराचा फरक काही थोडाथोडका नाही. सरकारी आकडेवारीत २०२३ साली देशभरातल्या एडचा मधला पगार वर्षाला साधारण ३७ हजार डॉलर होता आणि असिस्टंटचा ६७ हजार. दोघं एकाच खोलीत, एकाच पेशंटच्या दोन बाजूंना उभे असतात. २०१७ साली मी कॉलेजात चौकशी केली. फीसाठी सरकारी मदत मिळाली असती. अडलं ते प्रत्यक्ष कामाच्या सरावापाशी. शेवटी सोळा आठवडे पूर्ण वेळ बिनपगारी सराव लागतो. तेव्हा मला तासाला १२ डॉलर ६० सेंट मिळत होते. सोळा आठवडे म्हणजे माझा साडेसात हजार डॉलर पगार बुडणार, आणि त्या काळात विमाही नाही. लेक अकरावीत. आम्ही दोघांनी तीन रात्री वही पुढं घेऊन हिशेब केला. कुठूनही बसेना. मी गेले नाही. याचं दुःख मला आजही आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

२०१८ च्या १ नोव्हेंबरपासून ॲमेझॉननं अमेरिकेत आपल्या कामगारांचं किमान वेतन १५ डॉलर केलं. त्याबरोबर ८ए एक्झिटच्या परिसरातली बाकीची गोदामंही दर वाढवायला लागली. माझे तेव्हा १३ डॉलर १० सेंट होते. हे म्हणाले, चल माझ्याबरोबर, महिन्याला तीनशे डॉलर जास्त. त्यांचं बरोबर होतं. मी न जाण्याची कारणं सांगते, सगळी उदात्त नाहीत. कमरेची भीती होती. गोदामाच्या पाळ्या बदलत्या, आणि घरात एक जण तरी लेकीला सकाळी दिसावं असं वाटत होतं. आणि हो, मला ते काम आवडत होतं. माझ्या हातांना तिथं अर्थ होता. पण आवड ही महिन्याला तीनशे डॉलरची पडते आहे हे मी वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलं नाही तर माणूस ते विसरतो, आणि मग त्याला वाटतं की फुकटच आहे.

पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०१९ ला, मेडिकेअरनं पद्धत बदलली. मिनिटांवर पैसे देणं बंद झालं. पेशंटचा आजार आणि त्याची अवस्था पाहून दर ठरायला लागला. मिनिटांच्या मागे धावणं थांबलं हे पेशंटच्या दृष्टीनं चांगलंच होतं, दमलेल्या म्हातारीला आता कोणी ओढून खाली आणत नव्हतं. पण मिनिटांची किंमत गेल्याबरोबर ती मिनिटं भरणाऱ्या माणसांचीही गेली. आमच्याकडं एका आठवड्यात दोन असिस्टंट गेल्या. मला बोलावून सांगितलं की आता आठवड्याला २४ तास. १३ डॉलर ३५ सेंटनं आठवड्याचे ३२० डॉलर. आठवड्याला ३० तासांच्या खाली गेलं की मालकावर विमा देण्याचं बंधन राहत नाही, त्यामुळं विमाही गेला. मी जिममध्ये परत येऊन पुट्टीच्या डब्या लावत राहिले. चार वर्षं मी माझ्या कामाची किंमत समजत होते ती खरं तर वॉशिंग्टनमधल्या एका तक्त्याची किंमत होती, हे त्या दिवशी कळलं.

मग कोविड. त्याबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. २०२० च्या मार्चमध्ये भेटायला येणाऱ्यांना बंदी झाली, जिम बंद झाली, थेरपी खोल्यांत जाऊन करायची. माझे तास वाढले, कारण माणसं आजारी पडत होती. मी टॅब्लेट घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरायचे, लेकी-मुलांचे चेहरे दाखवायचे, खिडकीशी खुर्ची नेऊन लावायचे. बाहेर हिरवळीवर मुलगा उभा, आत आई, मध्ये काच. बा पुन्हा भरती झाल्या होत्या, तेव्हा दोन्ही हातांनी लाटू शकत होत्या. त्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या मुलाशी शेवटचं बोलणं मी धरलेल्या टॅब्लेटवर झालं. एप्रिल ते जुलै आम्हाला तासाला दोन डॉलर जास्त मिळाले, नंतर बंद झाले.

त्या वर्षानंतर लोक माझ्याशी वेगळ्या आदरानं बोलायला लागले. मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही!" त्या मनापासून म्हणत होत्या, मी नमस्कार केला. पण घरी येताना गाडीत मला बोलावंसं वाटलं ते इथं बोलते. या कामात समाधान आहे. बांच्या उघडलेल्या मुठीचं समाधान मला मरेपर्यंत पुरेल. पण ते समाधान माझं आहे, ते मी पगारातून वळतं करून द्यायचं नाही. शिक्षिका, अंगणवाडी ताई, आशा, नर्स, घरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मावश्या, सगळ्यांना हेच पुण्य सांगतात, आणि सांगणाऱ्यांपैकी कोणी घरभाड्याबद्दल विचारत नाही. २००९ साली न्यू जर्सीच्याच मॉरिस काउंटीत युनायटेड वे या संस्थेनं एका अभ्यासात अशा घरांना नाव दिलं, ॲलिस. कामावर आहेत, सरकारी व्याख्येत गरीब नाहीत, पण कमाईत मूलभूत खर्च भागत नाहीत आणि गाठीला काही नाही, अशांची ती इंग्रजी आद्याक्षरं. लेकीनं कॉलेजात हे शिकून येऊन मला सांगितलं. आपल्या परिस्थितीला एक नाव आहे आणि त्या नावाची घरं पुष्कळ आहेत हे ऐकून मला धीर आला. त्याआधी मला वाटायचं की आमच्याच काटकसरीत काहीतरी कमी पडतंय.

काटकसरीत काही कमी नव्हतं. वही पुरावा आहे. माझा पगार जवळजवळ दर वर्षी वाढला. पण २०१५ साली राज्याचं किमान वेतन ८ डॉलर ३८ सेंट होतं आणि मी त्याच्या ३ डॉलर ६२ सेंट वर होते. २०२५ साली किमान वेतन १५ डॉलर ४९ सेंट, माझे १७ डॉलर ७५ सेंट. अंतर उरलं २ डॉलर २६ सेंट. किमान वेतन वाढलं ते योग्यच, किराण्याच्या काउंटरवर उभी असलेली बाई मी विसरलेले नाही. पण दहा वर्षांत मी जे शिकले, ते या हिशेबात कुठंच नव्हतं. भाडं झालं होतं १९००. भागिले १७.७५. उत्तर १०७ तास.

२०२५ च्या १ जूनपासून न्यू जर्सीत कायदा लागू झाला की दहा किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानं नोकरीच्या जाहिरातीत पगार, निदान त्याची खालची-वरची मर्यादा, छापली पाहिजे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडं दुसऱ्या एडची जाहिरात निघाली. नवी आलेली हैतीची मुलगी, वॉर्डात काम करणारी, तिला त्या जागेसाठी अर्ज करायचा होता. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. १८ डॉलर ५० ते २१. तिनं विचारलं, तुम्हाला किती मिळतात? आपल्याकडं पगार विचारला की माणूस विषय बदलतो, इथंही वरचे लोक सांगतात की आपसात बोलू नका. प्रत्यक्षात १९३५ पासूनच्या केंद्रीय कायद्यानं कामगारांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क आहे. मी तिला खरा आकडा सांगितला. ती काहीच बोलली नाही. तिच्या चेहऱ्याकडं पाहून मला आधी शरम वाटली, आणि मग राग आला.

त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. एका कागदावर डावीकडं वर्षं, मध्ये माझा पगार, उजवीकडं किमान वेतन. खाली जाहिरातीतला आकडा. त्याखाली मी काय काय करते त्याची यादी: तीन भाषांत दुभाषी, नव्या एडना शिकवणं, सामानाची मागणी, साधनांची देखभाल. हे म्हणाले, भाड्याचं लिहू नको, ते त्यांना काय सांगायचं. मी म्हटलं, लिहिते. शेवटच्या ओळीत लिहिलं, २०१५: ९६ तास, २०२५: १०७ तास.

डायरेक्टर बाई वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी त्या नॅपकिनवरचा भागाकार समजावून सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की माझं स्वतःचं कधी काढलं नाही. वरच्या ऑफिसशी बोलून कळवते म्हणाल्या. पाच आठवडे गेले, दोनदा मी आठवण केली. ऑगस्टमध्ये पत्र आलं: २० डॉलर २५ सेंट, त्या महिन्यापासून पुढं. मागचं काही नाही. दुभाष्याच्या कामाचा उल्लेख नाही. हैतीच्या मुलीला ती जागा मिळाली, १९ डॉलरवर. मुलाखतीत तिनं मागून घेतले.

हे रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानंच वही उघडली, १९०० भागिले २०.२५ केलं आणि ९४ तास असं लिहिलं. मग पहिली वही काढून तिच्यातलं २०१५ चं पान शोधलं, दोन्ही वह्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि जेवणाचा डबा घेऊन गेले. मी ओटा पुसताना त्या दोन आकड्यांकडं पाहत होते. दहा वर्षांत दोन तास.